खालच्या कप्प्यातलं भांडं

इंदूअक्काच्या घरात शिरायचं तर चपला बाहेर आणि हात पुढं. आधी पालथे, मग उताणे. मी शाळेत चौथीपर्यंतच होतो, पण तिथंही माझी नखं कुणी इतकी बघितली नव्हती. अक्का माझा पंजा धरून उजेडाकडं वळवायची आणि म्हणायची, "मिस्त्री, ह्या नखात अजून सायकल हाय."

असणारच की. मंगळवार पेठेत पन्नास वर्षं सायकलचं दुकान चालवलं. ग्रीस नखात नाही जाणार तर कुठं जाणार? पण मी हात मागं घ्यायचो नाही, आणि हात धुतल्याशिवाय ती आत घ्यायची नाही. बेसिनपाशी उभं करायची आणि स्वतः घड्याळ बघत राहायची. घड्याळ मनगटाला नसायचं. खांद्याखाली पिनेनं उलटं टांगलेलं असायचं, दवाखान्यातल्या सिस्टरांचं असतं तसं. "अजून. अजून. अंगठ्याच्या बेचक्यात. हां, आता बसा." मग चहा.

दुकान विकून मी बायकोला घेऊन राजारामपुरीत मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलो, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर समोरच्या दारात ही बाई. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थेटरात सिस्टर होती, शेवटी शेवटी तिथली मुख्य. नवरा कधीचा गेलेला, मुलगा पुण्याला. वयानं माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, पण सगळी बिल्डिंग अक्का म्हणायची म्हणून मीही म्हणायचो. चालायची ताठ. बोलायची मोजकं. पण जिन्यात तिचा आवाज आला की चौथ्या मजल्यावरचा माणूससुद्धा बिडी विझवायचा.

भांडी घासायचं मशीन तिच्या मुलानं पाठवलं. अक्काच्या बोटांचे सांधे धरले होते, कढई उचलत नव्हती. मशीनचं खोकं वर चढवताना बघून मला हसू आलं. मी माझं ताट, वाटी, तांब्या स्वतः घासतो. बायको गेल्यापासून सुनेलासुद्धा हात लावू देत नाही. शिरोळहून भाचा चुलीच्या राखेचं पोतं आणून देतो. राख आणि नारळाची शेंडी, तिसरं काही लागत नाही. मी अक्काला म्हणालो, "आज भांडी घासायला मशीन, उद्या घास चावायला मशीन आणा."

"तुमच्या तोंडातले दात काय झाडाला लागले व्हते?" अक्का म्हणाली. "त्येबी मशीनवरच झाल्यात."

मशीन बसवायला एक माणूस आला, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. नळी जोडली, बटणं दाबून दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, एकदम हायजिनिक."

"किती अंशाला धुतं?"

"एकदम गरम पाणी मॅडम."

"मी अंश विचारले."

त्यानं कागद उलटापालटा केला. "सत्तर."

"सत्तरला किती येळ थांबतं?"

हे कागदात नव्हतं. त्यानं ऑफिसला फोन लावला, ऑफिसनं दुसरीकडं लावला. तोवर अक्का उभीच. शेवटी तीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आमचं थेटरातलं एकशे एकवीस अंशाला, वर वाफेचा दाब, आन् घड्याळ लावून. हे सत्तर. म्हंजे हे स्वच्छ करतंय, निर्जंतुक करत न्हाय. लोकास्नी सांगताना नीट सांगत जावा. इश्वास ठेवत्यात बिचारी."

त्या माणसाला तिनं चहा दिला. हात धुवायला लावून.

पण तिची खात्री कागदावर बसणारी नव्हती. एका ताटाला तिनं अंड्याचा बलक फासला, मटणाची चरबी फासली, कांदा-लसूण मसाला थापला आणि वाळवून कडक केलं. मग मशीन लावलं आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलं. ताट माझ्या नाकाखाली धरून म्हणाली, "घ्या वास."

वास नव्हता. पण असं एकदम कसं कबूल करायचं? मी म्हणालो, "मला सर्दी हाय."

"मग सर्दी गेल्यावर या. ताट ठेवते तसंच." आणि खरंच ठेवलं. दोन दिवस मला समोरच्या दारावरनं जाताना खोटं खोटं शिंकावं लागलं.

हळूहळू बिल्डिंगला कळलं की अक्काच्या मशीनमध्ये ताट-वाटीच नव्हे, बरंच काही धुऊन निघतं. मग सकाळी दहा ते अकरा तिच्या दारात रांग लागू लागली. कुणी रबरी स्लिपर घेऊन, कुणी केसांनी भरलेले कंगवे. कुणी पंख्याची चिकट जाळी, तर कुणी कुत्र्याचं जेवणाचं भांडं आणि त्याचं चघळायचं रबरी हाडूक. अक्का चष्मा लावून एकेक वस्तू तपासायची, वास घ्यायची आणि निकाल द्यायची. "हे चालतंय. हे न्हाय. ह्याला लाकडाची मूठ हाय, फुगंल. हे आधी घरात घासून आणा, मग बघू. मशीन हाय ते, गटार न्हाय."

तिचे कायदे पक्के होते. वस्तू आधी गार पाण्यानं धुवायची. ताटांबरोबर दुसरं काही लावायचं नाही, त्याची फेरी वेगळी. ती झाली की मशीन रिकामं एकदा गरम फिरवायचं, जाळी काढून घासायची, आणि मगच जेवणाची भांडी. कातडं न्हाय, लाकूड न्हाय, आणि संडासातलं काही न्हाय. हे शेवटचं ती बोट वर करून सांगायची. "तिथलं सत्तर अंशाला मरत न्हाय समदं. त्याला वेगळं औषध, वेगळी बादली, वेगळी जागा."

माझी कवळीसुद्धा तिनं परत दिली होती. मी दिली नव्हती. सुनेनं, सुनंदानं, मला न विचारता नेली होती. अक्का म्हणाली, "मिस्त्रीला सांग, कवळी गरम पाण्यात वाकती. आन् त्यांचं बोलणं आदीच वाकडं हाय."

कायदा मोडला तो चव्हाण चेअरमननी. हे पतपेढीत मॅनेजर होते. रिटायर झाल्यावर मॅनेज करायला बिल्डिंग मिळाली. राहायला तिसऱ्या मजल्यावर, बायको आणि नव्वदीला टेकलेली आई, हिला सगळे आऊ म्हणायचे. चेअरमनना दोन गोष्टींचा फार अभिमान. एक, पार्किंगमधल्या पांढऱ्या रेघा त्यांनी मारून घेतल्या. दुसरी, आऊ अजून स्वतःचं सगळं स्वतः करते. जो भेटेल त्याला सांगायचे, "आमच्या आईला अजून कुणाचा हात लागत नाही."

तर चेअरमननी नव्या कातडी कापशी चपला घेतल्या आणि पहिल्याच दिवशी त्या शेणात बुडाल्या. अक्काकडं आणल्या. अक्का म्हणाली, "कातडं न्हाय. शेण तर न्हायच न्हाय." पुढच्या आठवड्यात अक्का मुलाकडं पुण्याला गेली. कोण गावाला गेलं की किल्ली चेअरमनकडं ठेवायची, हा बिल्डिंगचा नियम, तोही त्यांनीच केलेला. त्यांनी दार उघडलं, चपला मशीनमध्ये ठेवल्या आणि कढईचं चित्र असलेलं बटण दाबलं. कढई निघते तर शेण निघेलच, असा हिशेब.

चार दिवसांनी अक्का आली. दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबली. "हितं जनावर शिरलंय."

मशीन उघडलं तर दोन होड्या. टाचा वर, अंगठे वर, शिवण उसवून दात विचकलेली. चेअरमन त्या परत न्यायला विसरले होते, की बघून घाबरून पळाले होते, ते आजवर त्यांनी सांगितलेलं नाही. जाळीत तांबडा रंग साचला होता. अक्कानं मशीन तीनदा रिकामं फिरवलं, जाळी ब्रशनं घासली, रबराच्या कडा पुसल्या. मग त्या चपला दाराबाहेर खिळ्याला टांगल्या आणि खाली पुठ्ठा लावला: काय धुऊ नये. महिनाभर चेअरमन तिसऱ्या मजल्यावरनं खाली येताना दुसऱ्या मजल्यावर भिंतीकडं तोंड करून उतरायचे.

एवढी कडक बाई, पण एकदा गच्चीवर मिरच्या वाळत घालताना तिनं मला एक सांगितलं. मी विचारलं होतं, "अक्का, तुमास्नी किळस कशी येत न्हाय? जन्म रक्तापुवात गेला."

"येत व्हती की. सासूबाईस्नी माझी." मिरच्या पसरत म्हणाली, "ड्यूटीवरनं आलं की मागल्या दारानं न्हाणीत. आंघोळ, मग घर. ते बरोबरच, मीबी तेच सांगीन. पन आंघोळ झाल्यावरबी माझं ताट वेगळं. मी शिवलेली भाकरी त्या खायच्या न्हाईत. म्हणायच्या, ही मढ्याला हात लावून येती. अकरा वर्षं मिस्त्री. घाण धुता येती. माणसाच्या मनात बसलेली किळस कुठल्या पाण्यानं धुवायची?"

मी तिच्याबरोबर मिरच्या पसरू लागलो.

म्हणून असेल, पण आखाडातलं जेवण ती कधी चुकवायची नाही. आखाडातल्या एका रविवारी दुपारी सगळी बिल्डिंग तिच्याकडं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी. मटण पहिल्या मजल्यावरच्या बशीरभाईंच्या दुकानातलं, आणि बशीरभाई स्वतः येऊन फोडी करून द्यायचे. रांगेत हात तपासून बारा घरांची माणसं आत सोडायची आणि अक्का पदर खोचून वाढत फिरायची. स्वतः सगळ्यांच्या शेवटी बसायची. कुणी "पुरे" म्हणालं की तिला ऐकू यायचं नाही. "तुझ्या घरात रोज डाळ असती, मला वास येतो" असं म्हणून दुसऱ्यांदा वाढायची. वर्षातनं त्या एका दिवशी ती हसायची. खळखळून, तोंडाला हात न लावता.

आता ते भांडं.

आखाडातल्या त्या जेवणाच्या आधीच्या आठवड्यात अक्कानं मला हाक मारली. मशीनच्या खालच्या कप्प्याचं एक चाक निघालं होतं. सायकल असो की कप्पा, चाक निघालं की मिस्त्रीच लागतो. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो, हात धुतले, मशीन उघडलं, कप्पा बाहेर ओढला. आणि हात थांबला.

कप्प्यात एकच वस्तू होती. आजाऱ्याला अंथरुणातच द्यायचं ते स्टीलचं भांडं. मला ओळखायला चष्मा लागला नाही. बायकोच्या शेवटच्या चार महिन्यांत मी तसलंच भांडं रोज उचललं होतं; कसं द्यायचं ते अक्कानंच शिकवलं होतं.

"अक्का, हे काय?"

"भांडं."

"कसलं?"

"स्टीलचं."

"कुणाचं हाय?"

"तुमचं न्हाय न्हवं? मग चाक बसवा."

मी चाक बसवलं. चहा न घेता निघालो. खाली पार्किंगच्या बाकावर चेअरमन बसले होते. त्यांना सांगितलं. मी चहाडी केली नाही; डोळ्यांनी बघितलं ते सांगितलं, आणि आजही म्हणतो, बघितलं ते खरं होतं. पण एवढं मात्र आहे की चाकाची एक बाजू बघून दुसरी ठीक आहे असं मी पन्नास वर्षांत एका गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. इथं सांगितलं.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगच्या ग्रुपवर आलं. मला मोबाईल वाचता येत नाही, सुनंदानं वाचून दाखवलं: रविवारच्या स्नेहभोजनाबाबत सर्वांनी आरोग्याच्या दृष्टीने विचार करावा. खाली हात जोडल्याची चित्रं. मग एकेकाची कारणं येऊ लागली. कुणाला पित्त झालं, कुणाच्या मेहुण्याच्या घराची शांत निघाली, एकानं तर मटण सोडल्याचं जाहीर केलं. त्याला आदल्या दिवशी मी तांबड्या रश्श्याच्या हॉटेलात बघितलं होतं.

गुरुवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे चेअरमन. अक्का आली आणि उभीच राहिली.

"अक्का, आरोप नाही," चेअरमन म्हणाले. "फक्त खुलासा. ते भांडं तुमच्या मशीनमध्ये होतं का?"

"व्हतं."

"कुणाचं?"

"पेशंटचं."

"बिल्डिंगमधला पेशंट?"

"पेशंटचं नाव मी दवाखान्याच्या बाहेर कधी काढलं न्हाई. आता रिटायर झाले म्हणून काढू?"

"अहो, पण ज्यात आम्ही जेवणार त्या ताटांबरोबर..."

"ताटांबरोबर न्हवतं. एवढं मी सांगितलं. माझ्यावर इश्वास आसंल तर या, नसंल तर नगा येऊ."

चेअरमनची बायको, वहिनी, सगळा वेळ खाली फरशीकडं बघत होती. मला वाटलं तिला लाज वाटतेय अक्काची.

मी म्हणालो, "अक्का, एवढंच सांगा की. कुणाचं ते सांगितलं तर मिटतंय."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. दवाखान्यात नातेवाईक गर्दी करतात तेव्हा बघत असेल तसं. "मिस्त्री, तुमच्या मालकीण गेल्या, तवा त्यांचं काय काय झालं ते मी कुणाला सांगितलं का?"

सांगितलं नव्हतं. मी खाली बसलो.

बशीरभाई मधेच उठले. "चेअरमन, अक्कानं धा किलो सांगितलंय. आता बकऱ्याला काय परत उभं करू? मी येणार. माझ्या खिमा मशीनचं पातं कैक वर्षं तिच्याकडं धुतोय. मेलो का?"

पण बशीरभाई आणि त्यांची बायको सोडून कुणी हो म्हणालं नाही. अक्का वर गेली. जिन्यात तिचा आवाज आला नाही, हे मला पहिल्यांदा जाणवलं.

रविवारी सकाळपासून वास सुटला. समोरच दार, कुठं जाणार? खोबरं भाजल्याचा, मग मसाल्याचा, मग रश्श्याचा. सुनंदा म्हणाली, "मामा, मी जाते हां." मी म्हणालो, "जा. मी येणार न्हाय. एकदा न्हाय म्हणालो ते न्हाय." ती मला एकट्याला सोडून जाईना. मुलगा पेपर धरून बसला, पण पान काही उलटेना. बारा वाजले, साडेबारा झाले. अक्काचं दार सताड उघडं. आत ताटं मांडलेली, पाण्याचे तांब्ये भरलेले, आणि दारात ती उभी, हात तपासायला. तपासायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात वरनं आरडाओरडा. "आई, काय करतेस? आई, डॉक्टरांनी सांगितलंय!" आणि आऊचा आवाज, फाटका पण मोठा: "बशीर! आरं ए बशीर! ये वर. मला खाली न्हे."

लिफ्ट बंद होती. आमची लिफ्ट सणासुदीला बंदच असते. बशीरभाई आणि माझा मुलगा वर पळाले. आऊला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची दोन्हीकडनं उचलून एकेक पायरी उतरू लागले. मागं चेअरमन, त्यांच्या मागं वहिनी रडत. वहिनीनंच सकाळी आऊला सगळं सांगितलं होतं, हे नंतर कळलं. सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. पित्तवालाही बाहेर आला.

खुर्ची आमच्या दोघांच्या दारांमधे टेकली. आऊनं पदर सावरला.

"कोण म्हनलं अक्कानं संडासचं भांडं धुतलं म्हून?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी पुढं झालो. लपणारा माणूस मी नाही. "मी म्हणालो आऊ. बघितलं म्हणून म्हणालो."

"काय बघितलंस?"

"भांडं."

"घाण बघितलीस?"

मी आठवलं. भांडं लख्ख होतं. बुडाला दुकानाची चिठ्ठी अर्धी चिकटलेलीसुद्धा होती. "न्हाय," मी म्हणालो.

"भांडं माझं हाय. अक्कानं दुकानातनं आनलं. तेलकट असतंय, म्हून धुतलं. तू नवा तांब्या आनलास तर धुवत न्हाईस?"

"धुतो."

"मग!" आऊनं श्वास घेतला. "दोनदा पडली मी न्हाणीत. कुनाला सांगितलं न्हाई. सुनंला ठावं, अक्काला ठावं. भांडं आनून आठ दिस झालं, मी त्यावर बसली न्हाई. लाज वाटत व्हती. आज सकाळी बसली." सगळीकडं बघून म्हणाली, "चांगलं हाय. कोमट करून देती सून."

कुणीतरी हसलं. चेअरमन पुढं आले. त्यांचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला होता. "आई, मला का नाही सांगितलंस?"

"तू गावभर सांगत हिंडतोस, आईला कुनाचा हात लागत न्हाई. तुझा शब्द खाली कसा पाडू लेकरा?"

अक्का मात्र चिडली होती. दारातनं म्हणाली, "आऊ, मी कुणाला सांगितलं न्हवतं. तुमी कशाला सांगितलं?"

"तू सांगितलं न्हाईस, म्हून मी आली. आता लाज संपली, भूक लागली. वाढ."

अक्का दारातनं जरा सरकली. मग खाकरली आणि बिल्डिंग हादरेल असं ओरडली, "हात!"

सगळे रांगेत. पित्तवाला, शांतवाला, मटण सोडलेला. चेअरमननी हात पुढं केले. अक्कानं बघितले, म्हणाली, "जावा, बसा आईजवळ."

मी सगळ्यांच्या शेवटी गेलो, माझं स्वतःचं ताट घेऊन. कुणाला नमायला गेलो नव्हतो. नाही म्हणालो होतो ते तिच्या ताटांना, तिच्या रश्श्याला नाही. अक्कानं ताट हातात घेतलं. "हे कुठलं?"

"माझं. राखेनं घासलेलं."

तिनं काठावरनं बोट फिरवलं, बोट मला दाखवलं, वास घेतला. मग वळली, मशीन उघडलं, खालच्या कप्प्यात ते एकटं ताट उभं केलं आणि सगळ्यात मोठं बटण दाबलं. "दोन तास धा मिन्टं. बसा मिस्त्री."

"एका ताटासाठी?"

"एका ताटासाठी."

मी उठून जाऊ शकलो असतो. समोरच घर. पण ताट आत होतं. भिंतीला टेकून बसलो. पुढं सगळी बिल्डिंग जेवत होती, भुरके मारत होती, आणि मागं मशीन खळाळत होतं. बशीरभाई वाढताना मुद्दाम माझ्यापाशी भगुणं थांबवायचे. "मिस्त्री, वास फुकट हाय बरं का." सुनंदा मला बघून पदरात हसत होती. मटण सोडलेल्यानं चौथी भाकरी घेतली.

त्या दिवाळीत मुलगा येऊन अक्काला पुण्याला घेऊन गेला. सांधे फारच धरले होते. मशीन तिनं वहिनीला दिलं, वापरायचे कायदे तोंडपाठ करून घेऊन. मी त्या दिवशी शिरोळला भाच्याकडं गेलतो, त्यामुळं निघताना गाठ पडली नाही. पुढं ती तिकडंच वारली. चेअरमननी फोन आल्यावर सांगितलं, तेव्हा ते जिन्यातच बसले होते. म्हणून माझ्याजवळ अक्काचं शेवटचं म्हणून जे आहे ते त्या दुपारचंच. त्यानंतर चार महिने रोज दिसत होती, पण ते दिसणं मनात राहिलं नाही, हे राहिलं.

मशीन थांबलं. ताट बाहेर आलं, हाताला चटका बसेल असं. अक्कानं मला वाढलं, पुष्कळ वाढलं, आणि मी खाली मान घालून जेवू लागलो. माणसं उठून गेली होती. आऊ अजून खुर्चीतच होती, मांडीवर ताट, अर्धं जेवण तसंच. अक्का भांडी गोळा करत तिच्याजवळनं चालली होती.

"तू जेवलीस?" आऊनं विचारलं.

"जेवते आता."

"हितं ये. वाक."

अक्का वाकली. आऊनं आपल्याच ताटातला भाकरीचा तुकडा मोडला, पांढऱ्या रश्श्यात बुडवला आणि वर उचलला. हात एवढा हलत होता की घास तोंडापर्यंत पोचेल असं मला वाटलं नाही. रस्सा आऊच्या मनगटावरनं ओघळला, अक्काच्या हनुवटीवर सांडला, इस्त्रीच्या पांढऱ्या लुगड्यावर तेलाचा डाग उमटला. अक्का हलली नाही. तोंड उघडं ठेवून, डोळे मिटून वाकलेली राहिली, घास आत जाईपर्यंत.

"आनि येक?" आऊ म्हणाली.

अक्काचं तोंड भरलेलं होतं. तिनं मान हलवली. व्हय.